बारावी बाटली

मित्रांनो, माझी गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देतो. मी खोटं बोललो आहे. एकदा नाही, दोन दिवसांत सोळा वेळा. आणि सोळाही वेळा लोकांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. त्या खोट्याचा एक तुकडा अजून कुठेतरी बाहेर आहे, म्हणून मी तुमच्याशी बोलायला बसलो आहे.

मी जुना थर्मामीटर आहे. ताप बघायचा नव्हे हं, तो माझा चिमुकला चुलतभाऊ. मी चांगला हातभर लांब आहे. पितळेची पट्टी, तिच्यावर शून्यापासून एकशेदहापर्यंत कोरलेले आकडे आणि पट्टीवर दोन पकडींनी बसवलेली काचेची नळी. भांड्यातला रस तापला की नळीतली लाल रेघ वर चढते. ती ज्या आकड्यापाशी थांबते, तेवढा रस तापला असं समजायचं.

माझी तीस वर्षं फळांच्या रसाच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. तिथल्या इंजिनिअरसाहेबांचा मी लाडका. दर सोमवारी सकाळी ते मला बर्फाच्या पाण्यात उभं करायचे. अस्सा शहारा यायचा की विचारू नका! पण बर्फात माझी रेघ बरोबर शून्यावर उतरली की साहेब मान डोलवायचे आणि मगच मला कामाला लावायचे. तेव्हा मला त्या आंघोळीचा राग यायचा. रोज खरं सांगणाऱ्याला दर सोमवारी कसली परीक्षा, असं वाटायचं. आज त्या रागाची लाज वाटते.

साहेब निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने मला त्यांच्या हातात ठेवलं. घरी बसून साहेबांना करमेना. निवृत्त माणसांना गावोगाव पाठवून, एक पैसा न घेता नव्या उद्योगांना शिकवणारी एक संस्था होती, तिच्यात त्यांनी नाव घातलं. त्यांच्या वाट्याला डोंगरातल्या आदिवासी बायकांचा रसाचा उद्योग आला. उद्योग म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, दोन मोठी पातेली, भरपूर चुली आणि नऊ बायका. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी साहेब तिथे जायचे. तिथे त्यांचे ‘काका’ झाले, आणि काकांनी मला त्या शेडला देऊन टाकलं.

उद्योग उभा केला होता ताईने. सगळ्या बायका तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठ्यासुद्धा. त्या डोंगरात काळसर, आंबट रानफळं होतात. कितीतरी वर्षं शहरातले लोक ती टोपल्यांनी नेत आणि त्यांचा रस करून विकत. ताई म्हणायची, “डोंगर आपला, फळं आपली, काटे टोचून घेतो आपण, आणि बाटलीवर नाव भलत्याचंच. आता आपलं नाव लावायचं.” पहिल्या बाटलीवर वस्तीचं नाव छापून आलं, तेव्हा ती बाटली नऊ जणींनी आळीपाळीने हातात घेतली होती.

काकांनी मनापासून शिकवलं. बाटल्या कशा उकळायच्या, झाकण कधी लावायचं, कागदावर कुठे सही करायची आणि कुठे अजिबात करायची नाही. त्यांच्या वकील मित्राने परवान्याचे कागद फुकट करून दिले. लेबलचं चित्र काकांच्या मुलीने काढलं, जांभळ्या पानाचं. आणि एक गोष्ट काकांनी बोट नाचवून दहादा सांगितली, “रस पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापलाच पाहिजे. कमी तापला, तर आतले जीव मरत नाहीत. ते बाटलीत रस आंबवतात आणि वायू करतात. मग ती बाटली राहत नाही, बॉम्ब होतो.”

त्याआधी पातेल्यापाशी ताईची आत्या बसायची. चाळीस वर्षं ती घरचा रस करत आली होती. फेस पातेल्याच्या कडेला असला तर रस कच्चा आणि फेस सरकून मधोमध गोळा झाला की रस तयार, हे तिचं गणित. काका हसून म्हणाले होते, “आत्याबाई, तुमचा अंदाज घरच्या चार बाटल्यांना ठीक. चारशेंना चालायचा नाही. आता अंदाज नको, आकडा बघायचा.”

“बरं साहेब. आकडा तर आकडा,” आत्या म्हणाली आणि पाट उचलून बाजूला बसली. मी तेव्हा पातेल्यात ऐटीत उभा होतो.

बर्फाची परीक्षा मात्र काकांनी शिकवली नाही. शेडवर बर्फ मिळणार कुठून? वीज येऊन-जाऊन, फ्रीज नाही. उकळत्या पाण्याचा भरवसा नाही, कारण डोंगरावर पाणी लवकरच उकळतं. “बर्फाचं पुढच्या खेपेला बघू, मीच घेऊन येईन,” काका म्हणाले. पुढच्या खेपेआधी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. गुरुवार आले आणि गेले, काका काही आले नाहीत.

आणि नेमकी तेव्हाच मोठी मागणी आली. शहरातल्या शाळांच्या स्वयंपाकघराला चारशे बाटल्या हव्या होत्या. मुलं पिणार होती, मित्रांनो, तुमच्याएवढी. सगळी वस्ती हरखून गेली. ताईला तेवढी काळजी लागली होती. ती म्हणाली, “हे नीट झालं तर आपण उभ्या राहिलो. यात काही वावगं झालं, तर लोक म्हणणारच, बघा, यांना कशाला द्यायचं काम. आणि मग आपल्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही.”

रस करायच्या आदल्या दिवशी ताईची भावजय मला दगडी कट्ट्यावर घासत होती. वहिनीचे हात चलाख, तोंड त्याहून चलाख. गप्पा मारता मारता मी तिच्या साबणाच्या हातातून निसटलो आणि दगडावर आपटलो. “अगं आई गं!” असं ओरडून तिने मला उचललं. फुटलो नव्हतो, पण काचेची नळी पकडींतून सरकली होती. वहिनीने इकडे तिकडे पाहिलं. नळी हाताने ढकलून नीट बसवली आणि दोन्ही पकडी अंगठ्याने घट्ट दाबल्या. “वाचलास रे बाबा,” ती म्हणाली. “आता हे कुणाला सांगायला जाऊ नकोस, नाहीतर माझी खैर नाही.”

मी कुणाला सांगणार? माझी नळी नखभर वर बसली होती. नखभर म्हणजे नऊ अंश. दिसायला मी पहिल्यासारखाच, सरळ आणि चकचकीत.

दुसऱ्या दिवशी चुली पेटल्या. रस शहात्तर अंशांवर आला आणि मी पंच्याऐंशी दाखवले. ताईने हाक दिली, “झाला! उतरवा!”

“थांब गं जरा,” आत्या लांबून म्हणाली. “फेस अजून कडेलाच आहे.”

“आत्या, पंच्याऐंशी झालेत. काका काय म्हणाले होते? अंदाज नको.”

दुसऱ्या घाण्याला आत्या पुन्हा म्हणाली. तिसऱ्यालाही म्हणाली. तेव्हा ताई वैतागून बोलून गेली, “तू जरा बाहेर फळं निवडत बस ना, आत्या. इथे गोंधळ होतो माझा.” आत्या उठली आणि निमूटपणे बाहेर गेली. पुढचे तेरा घाणे, त्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे, तिच्याविनाच झाले. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला आकडा सोडून दुसरी भाषाच नाही आणि तो आकडाच खोटा होता.

चारशे बाटल्या फळ्यांवर ओळीने लागल्या. मला त्यांच्याच समोर, मऊ फडक्यात गुंडाळून, खिळ्याला टांगलं. तिसऱ्या दिवशी ताईने बारा बाटल्यांचं एक खोकं चव बघायला म्हणून शाळांच्या स्वयंपाकीणबाईंकडे पुढे पाठवलं.

पाचव्या दिवशी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं, आणि मला पहिला आवाज ऐकू आला. टक्. इतका हलका, की पत्रा तापल्याचा वाटावा. मग वरच्या फळीवर एक टक्. मग खालच्या. बाटल्यांची सपाट झाकणं एकेक करून वर येत होती. दुपार सरेपर्यंत मी तेवढंच ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी आवाज वाढले.

सातव्या दिवशी आत्या आत आली. तिने एका झाकणावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर. ताईला म्हणाली, “यांनी पोटं का फुगवली आहेत?”

“उन्हाने होतं तसं,” ताई म्हणाली. पण म्हणताना तिने बाटल्यांकडे पाहिलं नाही. मला वाटतं, भीती तिलाही वाटत होती, फक्त भीतीकडे वळून बघायची तिची तयारी नव्हती.

आठव्या दिवशी एक बाटली फुटली. सगळ्या धावत आल्या. “मांजर! मेलं मांजर शिरलं असणार,” वहिनी म्हणाली आणि झाडू घेऊन आली. काचेचा एक तुकडा समोरच्या लाकडी खांबात रुतला होता, साधारण लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वहिनीने तो हलवून हलवून काढला. कुठल्या मांजराला एवढं जमतं, असं कुणीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी टेम्पो आला. ड्रायव्हरने मागचं फळकं खाली सोडलं. बायका खोकी उचलायला गेल्या, तर शेडच्या दारात आत्या पाट टाकून बसलेली.

“आत्या, वाट सोड,” ताई म्हणाली.

“नाही सोडत. मला ओलांडून जा आणि ने.”

“अगं, आज नाही गेलं तर सगळं संपेल!”

“मुलं पिणार आहेत ना गं हे? तुझा आकडा मला कळत नाही, बाई. पण हा रस जिवंत आहे.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग खिशातला फोन काढून काकांना लावला. फुगलेली झाकणं सांगितली, फुटलेली बाटली सांगितली.

“थर्मामीटर बर्फात तपासला होतास?” काकांनी विचारलं.

“ते तुम्ही शिकवलंच नाहीत, काका.”

मग काकांचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला. “खरं आहे. चूक माझी आहे, पोरी. बर्फ मिळेल का कुठे?”

बर्फ टेम्पोतच होता. पिण्याचं पाणी गार ठेवायला ड्रायव्हरने डबाभर आणला होता. बर्फ कुटून पाण्यात घातला आणि मला त्यात उभं केलं. किती महिन्यांनी तो शहारा आला! नऊ बायका, एक ड्रायव्हर आणि फोनमधले काका, सगळ्यांचं लक्ष माझ्यावर होतं. माझी लाल रेघ खाली उतरत गेली आणि नवावर थांबली. तिथून ती हललीच नाही.

“माझ्या हातून पडला होता तो,” वहिनी रडत म्हणाली. “मीच नळी बसवली. मला वाटलं, फुटला नाही ना, मग झालं.”

ताई तिच्यावर ओरडली नाही. ती आत्याकडे वळली आणि तिच्या पाटापाशी बसली. आत्याच म्हणाली, “ते रडणं-बिडणं मागाहून. बारा बाटल्या पुढे गेल्यात ना? त्या आण आधी.”

टेम्पो रिकामाच डोंगर उतरला. त्यात एकटी ताई बसली होती. स्वयंपाकीणबाईंसमोर उभं राहून तिने काही न लपवता सगळं सांगितलं. संध्याकाळी परतली तेव्हा सोबत खोकं होतं. आत्याने बोट लावून बाटल्या मोजल्या. अकराच भरल्या, एकही उघडलेली नव्हती.

“एक कुणीतरी घरी नेली म्हणे,” ताई म्हणाली. “कुणी, ते त्यांना आठवत नाही. सगळीकडे विचारलं. निरोप ठेवलेत.”

पुढच्या गुरुवारी काका काठी टेकत आले, बगलेत बर्फाची पेटी. आल्या आल्या ते आत्यासमोर बसले आणि म्हणाले, “आत्याबाई, तो फेस मला शिकवाल का?” हातांना गोणपाट गुंडाळून सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. शेडला आठवडाभर आंबूस वास होता. माझी नळी बर्फात धरून शून्यावर आणली आणि पक्की केली. तेव्हापासून दर सोमवारी खालच्या बाजारातून बर्फ येतो आणि मला आंघोळ घालायचं काम वहिनीने स्वतःकडे मागून घेतलं आहे. माझा आकडा आणि आत्याचा फेस, दोन्ही जुळल्याशिवाय पातेलं उतरत नाही. स्वयंपाकीणबाईंनीही पुन्हा काम दिलं. ताईने स्वतः येऊन सांगितलं म्हणून दिलं, असं त्या म्हणाल्या.

पण माझी झोप उडाली ती उडालीच. दुपारी शेड रिकामी झाली की मी कान देऊन असतो. वस्तू सांभाळा, तिला हळू हाताळा, हे तर मी सांगेनच. पण हातून पडली तर लपवू नका आणि कितीही जुनी, लाडकी असली तरी अधूनमधून तिची परीक्षा घ्या. आणि आणखी एक मागणं आहे, मित्रांनो. आज घरी गेलात की स्वयंपाकघरातल्या कपाटात, मागच्या बाजूला बघा. जांभळ्या पानाचं लेबल असलेली बाटली दिसली आणि तिचं झाकण फुगलेलं असलं, तर तिला हात लावू नका. तोंड जवळ नेऊ नका. मागे सरका आणि मोठ्या माणसाला हाक मारा. ती माझी बाटली आहे.