गेलं का?

"बाई, दाराला हात लावू नका. मी इथेच आहे, बाहेर."

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती आणि आत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, भाजीच्या पिशवीसकट. लिफ्ट मेकॅनिक चौथ्या मजल्याच्या दाराशी उकिडवा बसला होता. खरं तर त्याने आधी वर मशीन-रूममध्ये जायला हवं होतं. मेन स्विच बंद करायचा, ब्रेक सैल करायचा आणि मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट हळूहळू मजल्याला लावायची, एवढंच काम. पण एकदा वर गेलं की आतल्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो आधी दाराशी बसून दोन गोष्टी बोलायचा आणि मगच जिना चढायचा. कंपनीतले लोक यावरून त्याची टिंगल करत. लिफ्ट दुरुस्त करतोस की लग्न जमवतोस, म्हणत. तो हसून सोडून द्यायचा.

"किती वेळ लागेल हो?" आतून आवाज आला. आवाज मुख्याध्यापिकेचाच होता, पण त्याला कंप सुटला होता.

"फार नाही. मलाही आज घाई आहे. गुरुवार ना, रात्री मालिका असते."

"कसली?"

"ती भावंडांची. भाऊ आणि बहीण जुनी ॲम्ब्युलन्स घेऊन गावोगाव हिंडतात आणि राक्षस मारतात."

आतला कंप थांबला. त्याच्या जागी मुख्याध्यापिका आली. "या वयात भुताखेताच्या मालिका बघता?"

"राक्षसाचं काही नाही हो. तो दर आठवड्याला नवा येतो आणि मरतो, बिचारा. आम्ही बघतो ते त्यानंतरचं. काम झालं की ती दोघं गाडीच्या मागच्या पायरीवर बसतात आणि एका पुड्यातली बिस्किटं खातात. ती म्हणते, तू हळू आलास. तो म्हणतो, तू जोरात ओरडलीस. एवढंच. पण ते बघितल्याशिवाय झोप लागत नाही."

"आम्ही म्हणजे कोण? मिसेस पण बघतात?"

"लग्न नाही केलं. मी आणि बहीण." मग त्याने जरा ऐटीतच सांगितलं, "ती भित्री आहे. राक्षस आला की पाठ फिरवून बसते. मी सांगतो तिला, गेलं म्हणून."

थोड्या वेळाने लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली. मुख्याध्यापिका पदर सावरत बाहेर आल्या आणि पिशवीतलं एक सफरचंद त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "अर्धं बहिणीला द्या."

बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिला घरात नाव होतं चिमणी आणि पन्नाशीला टेकली तरी भाऊ तिला चिमेच म्हणायचा. दुकानाने मोडीत काढलेलं एक फिरतं स्टूल तिने घरी आणलं होतं. मालिकेच्या वेळी ती त्यावर बसायची, मांडीवर कुणाचा तरी चष्मा आणि हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. राक्षसाचं संगीत सुरू झालं की स्टूल गर्रकन फिरायचं. टीव्हीकडे पाठ, कपबश्यांच्या कपाटाकडे तोंड. मग थोड्या वेळाने ती विचारायची, "गेलं का?" आणि तो म्हणायचा, "गेलं. बघ आता."

हा प्रश्न मालिकेपेक्षा जुना होता. आई लवकर गेली आणि वडिलांना रात्रपाळी. लहानपणी चिमी पांघरुणात तोंड खुपसून विचारायची, "गेलं का?" मग दादाने खाली वाकून पलंगाखाली बघायचं आणि सांगायचं, "गेलं." दादा वाकायचा खरा, पण डोळे घट्ट मिटून. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आजही राक्षस पडद्यावर आला की तो टीव्हीखालच्या लाल दिव्याकडे बघत बसायचा, हेही कुणाला माहीत नव्हतं. अख्ख्या शहरातल्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला माणूस, पण रबराचा मुखवटा दिसला की ह्याची मान खाली. भीतीला वय नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

त्या गुरुवारी जाहिराती लागल्या तेव्हा अर्धं सफरचंद खात चिमी म्हणाली, "शेजारच्या घड्याळवाल्यांनी आज विचारलं."

"काय?"

"लग्नाचं."

घड्याळवाल्यांचं दुरुस्तीचं दुकान चष्म्याच्या दुकानाला लागूनच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरळ, कमी बोलणारा माणूस. मेकॅनिकने एकदा घड्याळाचा पट्टा बदलून घेतला होता, तेवढीच ओळख.

"मग?"

"मग काय? नाही म्हणणार आहे. या वयात कसली थेरं!"

"का पण? माणूस वाईट आहे का?"

"वाईट असता तर लगेच सांगितलं असतं. असंच. जमायचं नाही." तिने चष्म्याचा स्क्रू इतका घट्ट पिळला की काडी करकरली. "लागली बघ मालिका."

मेकॅनिकच्या छातीवरचा दगड उतरला. तो दगड कधी चढला होता हे त्याला तो उतरल्यावरच कळलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी नेमकी त्या झोपेचीच त्याला लाज वाटली. बहीण सुखाला नाही म्हणते आणि आपण घोरतो! दाढी करताना त्याने आरशात स्वतःकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी चांगलं चालणारं घड्याळ खिशात घालून तो घड्याळवाल्यांकडे गेला. चिमी तेव्हा आतल्या खोलीत काचा घासत असते, हे त्याला ठाऊक होतं.

घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उघडलं, बंद केलं आणि परत दिलं. "यात काही बिघाड नाही, दादा. बसा."

त्यांनी दादा म्हटलं तेव्हा मेकॅनिकला एकदम अवघडल्यासारखं झालं. तो बसला. काय बोलायचं ते घरून ठरवून आला होता, ते सगळं विसरला आणि म्हणाला, "ती भित्री आहे हो. म्हणजे, सांगून ठेवतो. अंधाराला, भुताखेताला."

"कोण?" घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. "तुमची बहीण? अहो, दर शुक्रवारी चहाच्या वेळी ती मला आदल्या दिवशीचा राक्षस सांगते. मला नाही बघवत तसलं, पण ती सांगते तेव्हा ऐकतो. परवाच्याला म्हणे हनुवटीखाली दुसरं तोंड होतं आणि त्यात चमच्यासारखे दात. खरं का?"

"असेल," मेकॅनिक म्हणाला. त्याला काय माहीत? त्याने लाल दिवा बघितला होता.

"हसून हसून सांगते. भित्री?" घड्याळवाले स्वतःशीच हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "नाही म्हणाली मला. कारण विचारलं तर म्हणते, घरी एकजण आहे. मी समजलो. तुमच्यावर राग नाही माझा."

मेकॅनिक घरी आला. चिमी यायला अवकाश होता. चपलाही न काढता त्याने टीव्ही लावला, जाऊन त्या फिरत्या स्टुलावर बसला आणि टीव्हीकडे पाठ करून तिच्यासारखा कपाटाकडे तोंड करून राहिला. कपाटाला काचेची दारं होती. वडील गेल्यावर दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली वस्तू. काचेत अख्खा टीव्ही दिसत होता. बातम्या सांगणारी बाई, तिच्या कानातलं, सगळं. आणि टीव्हीच्या अलीकडे, त्याहून मोठी, त्याची स्वतःची खुर्ची दिसत होती. तिथे बसून कोण कुठे बघतंय हे अगदी स्वच्छ कळलं असतं.

त्याने उठून टीव्ही बंद केला. त्याचे कान तापले होते.

पुढच्या गुरुवारी मालिका लागायच्या आधीच त्याने विचारलं, "काचेत दिसतं ना तुला?"

चिमीने मान वर केली नाही. "दिसतं."

"कधीपासून?"

"कपाट घेतलं तेव्हापासून. आंधळी आहे का मी? चष्म्याच्या दुकानात काम करते."

"आणि मी?"

"तूही दिसतोस."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. त्याने हात लांबवून खिडकी लावली.

"मग गेलं का, गेलं का, असं विचारायचीस कशाला? सगळं तर दिसत होतं."

"अरे, मी विचारलं की मगच तू मान वर करायचास." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा एकदा नाही विचारलं, तर राक्षस मरून, बिस्किटं खाऊन झाली तरी तुझी मान खालीच. तेव्हापासून ते गेलं की मी विचारते."

एवढी वर्षं तो समजत होता की राक्षस गेल्याचं आपण संगीतावरून ओळखतो. आता त्याला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला तो उठून उगीचच टीव्हीवरची धूळ पुसायला लागला.

"आणि लहानपणी? पलंगाखाली?"

"तेव्हा नव्हतं माहीत. तेव्हा तू खरंच बघतोस असं वाटायचं." तिने स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. "तेव्हा बरं वाटायचं रे फार."

"म्हणून घड्याळवाल्यांना नाही म्हणालीस?"

"दादा, तू एकटा इथे बसशील आणि कुणी विचारणारच नाही. ते मला नाही चालायचं."

मालिका सुरू झाली. मेकॅनिकने स्टुलाकडे बोट केलं. "आज फिरू नकोस. आणि विचारूही नकोस."

"उगाच हट्ट करू नकोस. झोपायचा नाहीस मग."

"चिमे, गप्प बस."

राक्षस आला. ओल्या भिंतीतून आधी हात निघाला, मग खांदा, मग ते तोंड. मेकॅनिकने खुर्चीचे हात धरले आणि मान वर ठेवली. त्याने पापणीही पाडली नाही. राक्षस थेट त्याच्याकडेच बघत होता. मग हळूहळू त्याला दिसलं की राक्षसाच्या गळ्यापाशी शिवण आहे आणि ती एका बाजूला जरा उसवली आहे. पडद्यावरच्या बहिणीने दोर ओढला, भावाने कंदील फोडला, आणि भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

"गेलं," तो म्हणाला. कुणी न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा.

चिमी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"उद्या त्यांना हो म्हणून सांग," तो म्हणाला. पडद्यावर ती दोघं पायरीवर बसून बिस्किटं खात होती.

लग्न सह्या करून झालं. मेकॅनिक साक्षीदार होता. मुख्याध्यापिका सफरचंदांची पिशवी घेऊन आल्या होत्या, त्यांना लिफ्टमधून आणायला तो स्वतः गेला होता. कपाट त्याने हट्टाने बहिणीला दिलं. ती नको नको म्हणाली, पण मला काय करायच्यात एवढ्या कपबश्या, म्हणून त्याने ते टेम्पोत चढवलंच. भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक उजळ चौकोन राहिला.

पुढचा गुरुवार आला. त्याने खुर्ची होती तिथेच ठेवली. स्टूल तेवढं ती ठेवून गेली होती, तेही होतं तिथेच. मालिका लागली. भावंडं एका ओसाड घराशी आली, कंदील लावला, आणि माळ्यावरून ते उतरायला लागलं. एकट्या घरात ते फार मोठं दिसत होतं. त्याची नजर लाल दिव्याकडे वळली, त्याने ती ओढून परत वर आणली.

फोन वाजला.

पलीकडे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. घड्याळवाले काहीतरी विचारत होते आणि कुणीतरी हसत होतं. मालिकेचं संगीत मात्र तिथून येत नव्हतं. ती बघत नव्हती. पण गुरुवार तिच्या लक्षात होता, आणि राक्षस जायच्या वेळेचा अंदाज तिने ताटं मांडता मांडताच घेतला असावा. तो जरासा चुकला होता.

"दादा," ती म्हणाली, "गेलं का?"

ते अजून गेलं नव्हतं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं होतं आणि तोंड उघडत होतं. मेकॅनिकने फोन कानाशी घट्ट धरला. लिफ्टच्या दाराबाहेर बसून ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात तो म्हणाला, "गेलं. तू जेव निवांत."

आणि फोन ठेवून तो राक्षसाकडे बघत राहिला.