उघडलेली पत्रिका

बारामतीत भिगवण रस्त्याला, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर, स्वरूपाचं ‘जुळणी’ वधूवर सूचक केंद्र होतं. सुप्यापासून इंदापूरपर्यंतचे लोक तिच्याकडं नाव नोंदवायला येत, कारण तिच्या तोंडाला कुलूप होतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची काडीमोड झाली, यातलं अक्षरही तिच्या ऑफिसाबाहेर जात नसे. "माझ्याकडं दिलं म्हणजे विहिरीत टाकलं समजा," असं ती बायकांना सांगायची, आणि बायकांना ते पटायचं.

तुळशीची लग्नं उरकली की तिच्या मोबाईलवर लग्नपत्रिकांची रीघ लागे. त्या मंगळवारी दुपारी इंदापूरच्या एका ओळखीच्या नंबरावरून अशीच एक आली. ‘सहकुटुंब यावे’ एवढाच मजकूर आणि खाली फाईल. स्वरूपानं जेवता जेवता डाव्या अंगठ्यानं ती उघडली. फोननं विचारलं, हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, घ्यायचं का? पत्रिका कधी ॲप असते का, एवढा विचार मनात यायला हवा होता. तिनं ‘हो’ दाबलं. मेसेज वाचायची, फोटो बघायची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही दिसली नाही. नेटला शिव्या घालत तिनं फोन बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी भापकरहून जोतीरामतात्यांचा फोन आला. त्यांच्या नातीचं नाव केंद्रात होतं.

"ताई, पोरीला स्थळ आलंय म्हणून तुमी फाईल धाडली, ती काय उघडंना झालीय."

स्वरूपानं काहीच धाडलं नव्हतं. तात्यांना तिथंच सांगता आलं असतं, की ती काढून टाका, नेट बंद करा. पण जीभ भलतंच बोलून गेली. "राहू द्या तात्या, चुकून गेली असेल."

फोन ठेवला तेव्हा तिला सगळं उमगलं होतं. तिच्या मोबाईलमध्ये झाडून सगळ्या स्थळांचे फोटो होते, वयं होती, पगार, जमीन, घरातल्यांचे नंबर होते. ते आता कुणाच्या तरी हातात होतं आणि तिच्याच नावानं लोकांच्या घरी जात होतं. फोन पुन्हा पुन्हा वाजू लागला. तिनं तो उचलला नाही, उलटा करून ठेवला. समोरच्या टेबलावरून अंजली, तिची केंद्रातली सहकारी, म्हणाली, "ताई, फोन." स्वरूपा म्हणाली, डोकं दुखतंय. सकाळ तशीच गेली.

दुपारी अंजलीनं स्वतःचा मोबाईल तिच्यापुढं धरला. अंजलीलाही ‘स्वरूपाताईं’कडून फाईल आली होती.

"हे तुम्ही पाठवलंय?"

"नाही."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

अंजलीनं आपली खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी आणली.

काय करायचं ते दोघींनाही ठाऊक होतं. कुणालाही फोन लावला की आधी सायबर चोरांपासून सावध करणारी तीच तर सूचना ऐकू येते. फोनचं नेट तोडलं, सिम काढलं, अंजलीच्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाईनला तक्रार दिली, बँकेला खातं थांबवायला सांगितलं. तक्रार घेणारा म्हणाला, "ज्यांची माहिती गेली त्यांना लगेच कळवा. तुम्ही गप्प बसलात की चोरांचं काम सोपं होतं."

स्वरूपानं मजकूर लिहायला घेतला. ‘तांत्रिक कारणामुळे आमच्या क्रमांकावरून...’

अंजलीनं वाकून वाचलं. "तांत्रिक काय त्यात, ताई?"

स्वरूपानं ते खोडलं आणि लिहिलं, ‘मी एक खोटी फाईल उघडली. माझ्या चुकीमुळे तुमची माहिती चोरांकडे गेली आहे. माझ्या नावाने आलेली फाईल उघडू नका. उघडली असेल तर नेट बंद करा आणि आधी बँकेला कळवा. ओटीपी मलासुद्धा सांगू नका. केंद्राकडून यापुढे कुठलीही फाईल येणार नाही.’ अंजलीच्या नंबरावरून ते सगळ्यांना गेलं. मग दोघी एकेकाला फोन लावत बसल्या. पहिला फोन तिनं जोतीरामतात्यांना केला. तात्या सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सकाळी का न्हाय बोललात मग?"

भवानीनगरच्या द्वारकाबाईंचा फोन मात्र लागेना. त्यांची धाकटी सून प्रतिक्षा तरुणपणीच विधवा झाली होती, आणि तिचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून सासूनंच चोरून नाव नोंदवलं होतं. थोरल्या मुलाला, बिरदेवला, कळू द्यायचं नव्हतं. त्याचा नंबर घेऊ नका म्हणून द्वारकाबाईंनी विनवलं होतं. पण घरातल्या पुरुषाचा नंबर लागतोच, असा स्वरूपाचा नियम. तिनं तो घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कुटीवरून भवानीनगरला गेली. कारखान्याचा हंगाम चालू होता, मळीच्या वासानं रस्ता भरला होता. ओट्यावर बिरदेव बसला होता. त्यानं या म्हटलं नाही.

"तुमीच का त्या?" त्यानं मोबाईल पुढं केला. ‘प्रतिक्षा यांच्यासाठी स्थळ आले आहे. फोटोसाठी फाईल उघडा.’ खाली प्रतिक्षाचा फोटो होता.

"बिरदेवराव, चूक माझी आहे. मावशींना बोलू नका."

"आईला काय बोलायचं? मी वैरी हाय व्हय प्रतिक्षाचा? मी लगीन करू दिलं नसतं असं वाटलं आईला." त्यानं मोबाईल ओट्यावर ठेवला. "माझ्या आधी तुमाला म्हायती."

द्वारकाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांच्या मागून प्रतिक्षा आली आणि सरळ स्वरूपासमोर उभी राहिली.

"हा फोटो नणंदेच्या लग्नातला हाय. मी कुणाला दिला न्हवता."

स्वरूपाला आधी समजलं नाही. मग समजलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काल भाऊजींच्या मोबाईलमधी बघितलं. चोरांनी न्यायच्या आधी तो तुमच्याकडं कसा आला, ते सांगा."

स्वरूपानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. सासू आली, फोटो दिला, स्वरूपानं ठेवून घेतला. ज्या बाईचा तो होता तिला विचारावं असं मनातही आलं नव्हतं. फाईलची लाज एका बाजूला राहिली. ही लाज जास्त खोल उतरली, कारण यात कुणी फसवलं नव्हतं.

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"आत्याबाईंनी ती फाईल उघडलीय," सासूकडं बघत प्रतिक्षा म्हणाली. "त्यांचा फोन कसा साफ करायचा ते सांगा आधी."

ओट्याच्या कडेला दोघी बसल्या. स्वरूपा सांगत गेली, प्रतिक्षा करत गेली. नको ते ॲप शोधून काढून टाकलं, दिलेल्या परवानग्या बंद केल्या. मग प्रतिक्षाच्या फोनवरून बँकेला कळवलं. पैसे गेले नव्हते. उठताना प्रतिक्षा म्हणाली, "माझं नाव काढा. लगीन करायचं का न्हाय ते मी बघीन." चोरांनी नेलेला फोटो आपण परत आणू शकत नाही, हेही स्वरूपानं तिला सांगितलं. प्रतिक्षानं मान हलवली आणि आत गेली. चहा कुणी विचारला नाही.

त्यानंतर स्वरूपानं केंद्रातल्या प्रत्येक मुलीला स्वतः फोन केला. काहींना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नव्हतं. बऱ्याच घरांनी नावं काढून घेतली. मंडईत ओळखीच्या बायका तिला बघून पलीकडच्या गाळ्याकडं वळू लागल्या. चोर सापडले नाहीत.

अजून अधूनमधून एखादा फोन येतो. "ताई, तुमच्या नावानं पत्रिका आलीय, उघडू का?"

"उघडू नका, काढून टाका," ती सांगते. आणि पलीकडून कुणी दबकत विचारलंच, की मागं ते तुमच्याकडूनच झालं होतं ना, तर ती "हो" म्हणते आणि पुढचं ऐकून घेते.