अकरा बंदुकांची चांदमारी

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो. असे घाबरून मागे सरकू नका, आत काही भरलेलं नाही. आणि आता या वयात मी कुणाच्या अंगावर येणार आहे?

माझा जन्म निजामाच्या अमदानीतला. हैदराबादकडच्या एका लोहारानं माझी नळी घडवली, शिसवीचा दस्ता बसवला आणि दस्त्यावर एक मोर कोरला. मोर कोरताना त्याचा हात चुकला, म्हणून सगळे त्याला कोंबडी म्हणतात. मी ते मनाला लावून घेत नाही. (घेते. पण सांगत नाही.) पुढे बोरीजवळच्या एका खेड्यातल्या लिंबाजींनी मला परवाना काढून घरी आणलं, आणि त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाकडे, धोंडीबांकडे आले. धोंडीबांनी आता सत्तरी गाठली आहे. गुडघे कुरकुरतात, चष्मा जाड झालाय, पण मला खांद्यावर घेतलं की गडी ताठ उभा राहतो.

आम्हा ठासणीच्या बंदुकांचं काम मोठ्या निगुतीचं असतं. तोंडातून आधी दारू ओतायची, म्हणजे आपली बंदुकीची, मग गोळी, मग चिंधीचा बोळा, आणि मग लोखंडी गजानं सगळं ठासायचं. मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. एवढा सोहळा होईपर्यंत रानडुकरानं निम्मं वावर उकरलेलं असतं, हे खरं आहे. पण एकदा मी बोलले की ते डुक्कर चार दिवस आमच्या हरभऱ्याकडे ढुंकून पाहत नाही.

आता तुम्हाला म्हणून एक गुपित सांगते. धोंडीबांनी आजवर माझ्या तोंडात गोळी घातलेलीच नव्हती. चाळीस वर्षं नुसती दारू आणि चिंधी! धडाम्‌ आवाज झाला की पाखरं उडायची, रोही, म्हणजे नीलगायी, पळायचे, काम फत्ते. गावात मात्र गप्पा काय विचारता! शंभर पावलांवरून पाडलेलं बैलाएवढं डुक्कर धोंडीबा दर दिवाळीला पुन्हा पाडायचे, आणि ते डुक्कर दरवर्षी वीतभर वाढायचं. शेजारच्या वावरातले गोपाळराव लगेच आपल्या डुकराची गोष्ट काढायचे. त्यांचं डुक्कर तर उडी मारून अंगावर आलं होतं म्हणे. त्या दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललेलं. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची आणि गप्प बसायची. मालकाची अब्रू आपण राखायची नाही तर कुणी?

आणि मग या हिवाळ्यात फर्मान आलं. शेतीसाठी बंदूक बाळगणाऱ्यांनी परभणीला चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर यावं, सगळ्यांसमोर बंदूक भरून तीन बार काढावेत, आणि आपल्या कागदावर एक तरी भोक पाडून दाखवावं. भोक पडलं तर परवाना पुढे चालू. नाही पडलं तर बंदूक त्याच दिवशी ठाण्यात जमा.

आता ठाणं म्हणजे काय ते ऐका, मित्रांनो. ठाण्याच्या खोलीत एकदा गेलेली बंदूक परत येत नाही. तिथे ना तेलाचा हात, ना कापडाचा. गंजून पोपडे सुटतात. धोंडीबा जेवण अर्धं टाकून वावरात गेले. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि डुकरांचा कळप ओढ्यापर्यंत आला होता. पण नुसतं तेवढंच नव्हतं. वडिलांच्या हातची वस्तू आपल्या हातून जाणार, हे त्यांना सोसेना.

चांदमारीच्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोनं, कासाबाईंनी, मला जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं आणि गोळ्यांची पुरचुंडी त्यांच्या बंडीच्या खिशात कोंबली. एसटीत एका बाकावर आम्ही दोघं, समोरच्या बाकावर गोपाळराव आणि त्यांची बंदूक. लुगडं तोकडं पडल्यामुळे माझं तोंड बाहेर राहिलं होतं. आमच्या आसपासची सीट काही भरेना. शेवटी कंडक्टरनं फार अदबीनं विनंती केली, की बाबा, तेवढं तोंड खिडकीकडं करता का. धोंडीबांनी केलं. पुढच्या फाट्यावर गाडी हळू झाली तर बाहेरच्या एका मोटारसायकलवाल्यानं दोन्ही हात वर केले. मोटारसायकल पडली. त्याला काही झालं नाही, पण मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

चांदमारीचं मैदान गावाबाहेर होतं. समोर मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढे चौकटींवर ताणलेले अकरा कागद. मध्ये बशीएवढा काळा ठिपका. गावोगावचे अकरा म्हातारे आणि आम्ही अकरा बंदुका! कुणाच्या दस्त्याला तार गुंडाळलेली, कुणाचा घोडा सायकलच्या कसल्याशा तुकड्यापासून केलेला. माझ्या कोंबडीकडे बघून एक बंदूक हसली. जाऊ द्या.

परीक्षा घ्यायला राजेश्री मॅडम होत्या, फौजदार. तरुण, काटक, गळ्यात दुर्बीण. त्यांनी सगळ्यांना काका म्हणून बसवलं, पाणी दिलं आणि नियम दोनदा समजावून सांगितले. म्हाताऱ्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि एकमेकांना आपापली डुकरं सांगायला लागले. अकरा डुकरांपैकी आमचंच सगळ्यात लहान निघालं.

पहिला बार. धोंडीबांचे हात झरझर चालले. दारू ओतली, चिंधी घातली, गजानं ठासलं. अहो मालक, गोळी! मी मनात ओरडले, पण मला बोलता कुठे येतं? आणि ज्या आवाजात बोलता येतं तो पुढच्याच क्षणाला निघाला. अकरा बंदुका एकदम वाजल्या. मैदान धुरानं भरलं, लिंबावरचे बगळे उडाले आणि लांब चरणारी शेळ्यांची रांग चौखूर सुटली. आवाज असा झकास की माझं मलाच कौतुक वाटलं.

धूर विरला. मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. अकराच्या अकरा कागद कोरे करकरीत.

त्यावर म्हाताऱ्यांची कारणं ऐकण्यासारखी होती. एकाच्या मते वारा आडवा होता. दुसरा म्हणाला, कागद फार लहान आहे, डुक्कर केवढं असतं! तिसऱ्यानं तर माझी गोळी बारीक असते, भोक दिसत नाही, असं सांगितलं. मॅडम चालत बांधापर्यंत गेल्या आणि मातीत बोटं घालून पाहून आल्या. शिशाचा कण नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

इकडे धोंडीबांचा हात सहज खिशाला लागला आणि चेहरा पडला. गोळ्या सगळ्या तिथेच होत्या. चाळीस वर्षांची सवय, हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या बाराला त्यांनी दारू ओतली आणि आठवणीनं गोळी बाहेर काढली. माझ्या तोंडाशी धरली. मी वाट बघत राहिले. आता घाला मालक, नाहीतर मी चालले ठाण्यात. त्यांनी समोर बघितलं, गोळीकडे बघितलं, आणि हळूच ती परत खिशात टाकली. चिंधी घातली. मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! पुन्हा धडाम्‌, पुन्हा धूर, पुन्हा अकरा कोरे कागद.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, की काका, एकच बार राहिला, आता माझा नाइलाज आहे. बाहेर ठाण्याची गाडी येऊन उभी राहिली होती. सगळे म्हातारे माना खाली घालून चपलांनी माती टोकरत राहिले. तेव्हा धोंडीबा पुढे झाले.

"म्याडम, मी गोळी घातलीच न्हाई," ते म्हणाले. "आजवर कवाच घातली न्हाई. नुसता आवाज करतो."

"अहो काका, का पण?"

"डुकरीण पुढं असती आन्‌ तिच्या मागं पिलं असत्यात. गोळी कशी मारावी? गावात सांगतो डुक्कर पाडलं म्हणून. पाडलं न्हाई. लाज वाटायची, म्हणून सांगत गेलो."

सगळे धोंडीबांकडे बघायला लागले. मला वाटलं आता हसतील. पण शेवटच्या टोकाच्या म्हाताऱ्यानं खिशात हात घातला आणि गोळ्या बाहेर काढल्या. मग त्याच्या शेजारच्यानं. मग सगळ्यांनी. गोपाळरावांनी तर डबीतून काढल्या, कापसात ठेवलेल्या! जिल्ह्यातली अकरा खतरनाक माणसं, आणि एकानंही कधी गोळी झाडलेली नव्हती. मॅडमनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसू आवरून त्या वळल्या आणि धोंडीबांजवळ आल्या.

"समोर कागद आहे, काका," त्या म्हणाल्या. "कागदाला पिलं नसतात."

तिसरा बार. दारू, गोळी, चिंधी, गज. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात गोळी उतरली, मित्रांनो. जड आणि गार. धोंडीबांनी नेम धरला आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडे ठेवूनही फार फरक पडला नसता. मी सुटले. असा दणका बसला की मालक मागच्या मागे खाली बसले.

धूर विरला. दहा कागद कोरे, आणि एका कागदावर ठिपक्याला लागून एक सुरेख गोल भोक. पण कागद गोपाळरावांचा होता.

मॅडमनी गोपाळरावांचं अभिनंदन केलं आणि वहीत लिहायला पेन उघडलं. भोक माझं होतं! मी सोडलेली गोळी मला कळणार नाही? पण धोंडीबा जमिनीवरून उठून नुसते कपडे झटकत राहिले. मी मनातल्या मनात जळून खाक झाले. गोपाळरावांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा आपल्या बंदुकीकडे, मग धोंडीबांकडे. आणि एक मोठा श्वास घेतला.

"थांबा म्याडम. माजी टोपी फुसकी निघाली, बार उडलाच न्हाई. भोक धोंडीबाचं हाय."

मॅडमनी विचारलं, मग तुमची बंदूक जमा होईल, हे कळतंय ना? गोपाळरावांनी मान हलवली. तशी धोंडीबा उसळून पुढे आले आणि म्हणाले, माझा कागदही कोराच आहे, मग माझीही घ्या. आता याला काय म्हणावं? घरी न्यायला एक बंदूक वाचली होती, तीही हा माणूस देऊन बसला. मी तर लुगडं तोंडावर ओढून घ्यायच्या बेतात होते.

राजेश्री मॅडमनी वही मिटली. मग साहेबांना फोन लावला आणि लांब जाऊन बोलल्या. परत आल्यावर त्यांनी चहाचं रिकामं पातेलं मागवून मधोमध ठेवलं.

"गोळ्या सगळ्या यात टाका," त्या म्हणाल्या. "आणि बंदुका घरी न्या. परवाना फक्त आवाजाचा."

अकरा खिसे रिकामे झाले. पातेलं असं भरलं की उचलायला दोन शिपाई लागले.

घरी आलो तेव्हा कासाबाई ओट्यावर घाटे सोलत बसल्या होत्या. धोंडीबा त्यांच्यासमोर बसले आणि खाली बघत सांगून टाकलं, की ते बैलाएवढं डुक्कर मी कधी मारलंच नाही.

"ठावं हाय की," कासाबाई म्हणाल्या. "पुरचुंडी माज्या उतरंडीत असती. लग्न होऊन आले तवा बारा गोळ्या व्हत्या. आज सकाळी बी बाराच बांधून दिल्या."

"मग कवा बोलली न्हाईस ती?"

"तुमी लय रंगून सांगायचे. ऐकायला बरं वाटायचं."

धोंडीबा हसले. ते उठले आणि मला धुवायला चुलीवर पाणी ठेवायला गेले.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तर तुम्ही हात लावू नका, मोठ्यांना सांगा. बार काढल्यावर काजळी तशीच राहिली की गंज चढतो, आणि आम्हाला कण्हताही येत नाही. गरम पाण्यानं धुवा म्हणावं. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि कोपऱ्यात का होईना, पण घरात राहू द्या. मी नुसती ओरडेन. लागणार कुणालाच नाही.