उतारावरच्या दहा खुंट्या

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. नवरा होता तेव्हा त्याच्यावरही अर्धाच होता, आणि तो बिचारा त्यातच खूश होता.

मी रांगवाली. डोंगरउतारावर कॉफी लावायची तर आधी रांगा आखाव्या लागतात. दोर ताणायचा, खुंट्या ठोकायच्या, मग खड्डे घ्यायचे. इथल्या निम्म्या मळ्यांच्या रांगा माझ्या हातच्या आहेत. वाकडी रांग दिसली की मला घास गिळवत नाही, मग ती दुसऱ्याच्या मळ्यातली का असेना.

माझ्या मळ्याच्या खालच्या अंगाला धाकट्या दिराचं घर. मागची भिंत डोंगराला टेकलेली, वर पत्रे, आत दीर, जाऊ आणि तीन महिन्यांची पोर. मळा आणि घर यांच्या मध्ये गवताचा एक पट्टा आहे. तो कुणाचा, यावरून नवरा गेल्यापासून माझं आणि दिराचं वाजलेलं. अशात एका सकाळी दिराने मोजणीवाला आणला.

गाडीरस्ता संपल्यावर आमच्या गावाला पाच तास चढ आहे. एवढा चढ चढून साहेब काही उगाच येत नाही. त्याने तीन पायांचं यंत्र मांडलं, पट्ट्याच्या दोन टोकांना असलेल्या दोन कातळांवर पांढरा रंग लावला आणि त्या दोन खुणांच्या मध्ये सरळ रेषेत दहा खुंट्या ठोकल्या. "सहा आठवडे यांना कुणी हात लावायचा नाही," म्हणाला आणि दिराच्या घरी चहा पिऊन उतरला. चहा दिराच्या घरी! मला काय कळायचं ते कळलं.

संध्याकाळी दीर माझ्या अंगणात आला. "वहिनी, त्या खुंट्यांचं जरा सांगायचं होतं—"

"मला खुंट्या शिकवू नका, भाऊजी. जन्म गेला माझा खुंट्या ठोकण्यात."

"अहो, पण ऐकून तर—"

मी दार लावून घेतलं. आता वाटतं, त्या दाराच्या फळीवर डोकं आपटून घ्यावं.

आठवड्याभराने गवत कापायला गेले तर रांग वाकडी! मधल्या चार खुंट्या चार बोटं खाली गेलेल्या, दिराच्या घराकडे. मी तिथेच बसले आणि विचार केला. खुंट्या खाली गेल्या म्हणजे हद्द खाली गेली, म्हणजे माझी जमीन वाढली. माझा फायदा होतोय आणि मी तर काहीच केलं नाही. म्हणजे नक्की कुणीतरी माझं वाईट चिंतलंय. साहेब येणार, बघणार, आणि गावभर बोभाटा होणार की विधवेने खुंट्या सरकवून जमीन लाटली. वा रे भाऊजी! डोकं चालवलंत.

ओरडले असते तर त्याने उलट म्हटलं असतं, हिला कसं कळलं, हिनेच हात लावला असणार. म्हणून ब्र काढला नाही. दोर आणला, कातळापासून कातळापर्यंत ताणला, चारही खुंट्या उपटून दोरावर आणल्या, जुनी भोकं बुजवली, वर गवत दाबलं. असं काम की माझं मलाही ओळखू येईना.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा दोर. तिसऱ्यांदा तर सहा खुंट्या खाली, आणि मधली चांगली वीतभर. मी दिराच्या घरावर पाळत ठेवली. तो कधी वर येताना दिसेना, म्हणून माझा संशय जाऊवर गेला. पोरीला पाठीशी बांधून ती मागच्या भिंतीला माती लिंपत असायची, रोज. एवढं काय लिंपते ही? वर येण्याचं निमित्त, दुसरं काय! तिने वाटीभर दूध पाठवलं तर मी वाटी तशीच परत केली. पाणवठ्यावर चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणालेही, "काही माणसं हसून गळा कापतात." जाऊ मान खाली घालून घागर उचलून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सहा आठवड्यांत मी पाच वेळा रांग सरळ केली.

मग मोजणीवाला आला. अर्धं गाव जमलं, मुखियाही आला. साहेबाने यंत्राला डोळा लावला, कागदावर आकडे मांडले आणि हसला.

"एकही खुंटी बोटभर हललेली नाही. फार छान."

मी पदर सावरून ताठ उभी राहिले. फसला तुमचा डाव, भाऊजी.

साहेब दिराकडे वळला. "तुम्ही भिंतीला तडा गेला म्हणून कळवलंत ते बरं केलंत. डोंगर खाली सरकत असता तर या खुंट्या खाली गेल्या असत्या आणि तुम्हाला आजच घर सोडायला सांगावं लागलं असतं. आता निर्धास्त राहा."

जाऊने पोरीला छातीशी धरलं आणि ती रडायला लागली, आनंदाने. दीर साहेबाचे हात सोडेना.

खरं सांगते, गप्प बसावं असं मनात आलं. तोंड उघडलं की दीर साव आणि मी गावाच्या तोंडी. तेवढ्यात जाऊ डोळे पुसत माझ्याकडे बघून हसली. माझं इतकं ऐकून घेऊनही हसली.

"खुंट्या हलल्या होत्या," मी म्हणाले. "पाच वेळा. मी सरळ केल्या."

साहेबाने विचारलं, किती. मी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. त्याने गवत उकरलं, पण मी बुजवलेलं असं सापडतंय थोडंच?

"तोंडी सांगण्यावर मी घर खाली करा असं लिहू शकत नाही," तो म्हणाला. "पुन्हा खुंट्या, आणखी तीन आठवडे. पण बाई खरं बोलत असतील तर आज रात्रीसुद्धा तिथे झोपू नका."

"खरं?" दीर माझ्याकडे वळला. इतक्या रागाने त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "पट्टा मिळेना, म्हणून आता घरातूनच काढता का, वहिनी?"

"पट्टा घ्या तुम्ही! सगळा घ्या. माझ्या दोन खोल्या कातळावर आहेत, रिकाम्या आहेत, तिकडे चला."

"आता तर यात नक्कीच काहीतरी आहे," मुखिया म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

साहेब नव्या खुंट्या ठोकून उतरला. लोक पांगले. दिराने घरात जाऊन दार लावून घेतलं.

मी वर गेले. चटई, वाकळ आणि उशी घेतली, खाली आले आणि दार वाजवलं. जाऊने उघडलं. मी आत शिरून डोंगराकडच्या भिंतीला लागून चटई पसरली. लिंपलेल्या मातीतून तडा पुन्हा वर आला होता, माझी करंगळी आत गेली.

"हे काय चाललंय?" दीर म्हणाला.

"तुम्ही येत नाही, तर मीही इथेच झोपते."

"वर जा, वहिनी."

"नाही जात."

मी भिंतीला पाठ टेकून बसले. भीती वाटत होती, हात थरथरत होते, ते वाकळीखाली लपवले. जाऊने हलणारी वाकळ पाहिली. मग उठली, पोरीची दुपटी दोरीवरून काढून गाठोड्यात भरू लागली.

"अगं, काय करतेस?" दिराने विचारलं.

"भांडी घ्या तुम्ही," ती म्हणाली. "मी ताईंना चांगली ओळखते. या फुकट कुणासाठी काडी उचलायच्या नाहीत, आणि जीव तर मुळीच द्यायच्या नाहीत. खरं आहे म्हणूनच थरथरतायत."

तिने पोर माझ्या हातात दिली, कारण तिला गाठोडं उचलायचं होतं.