ठमाबाईंचा गुरुवार

बारामतीच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत टेम्पोच्या गॅरेजला लागून एक पत्र्याची शेड आहे. आत सहा टेबलं आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. ती ठमाबाईंची खानावळ. नवरा गेला तेव्हा ठमाबाई माहेरी वरकुट्याला परत जातील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यांनी दोन मोठी पातेली विकत घेतली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

ठमाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि आपल्या हाताच्या चवीबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या कुणाला असली तरी ती बोलून दाखवायची हिंमत कुणी केली नव्हती. वाढायची त्यांची एक पद्धत होती. कुणाला काही विचारायचं नाही. "पुरे" म्हटलं की ताटात आणखी अर्धी भाकरी पडायची, आणि "खरंच पुरे" म्हटलं की भाकरीवर पिठलं.

दिवाळी झाली आणि गुरुवारची जेवणारी पोरं कमी व्हायला लागली. पहिल्या गुरुवारी आठ जण आले नाहीत. ठमाबाईंनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या गुरुवारी तेरा जण आले नाहीत आणि पिठलं उरलं. त्या शेडमध्ये पिठलं उरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी युवराजला धरलं. युवराज कोऱ्हाळे बुद्रुकचा. लेथवर कामाला आणि चार वर्षं रोजचा जेवणारा.

"काल कुठं हुतास?"

"पोट बिघडलं हुतं, मावशी."

"आन् तुझ्या खोलीवरच्या तिघांचं?"

"त्यांचं बी."

"हितं जेवून बिघडलं का न जेवून?"

यातलं कुठलंही उत्तर सोयीचं नव्हतं. युवराजनं मान खाली घातली आणि आमटी भुरकायला घेतली.

चपात्या लाटणारी लैला हे सगळं ऐकत होती. नऊ वर्षं ती ठमाबाईंच्या हाताखाली होती आणि त्यांना न घाबरणारं त्या गल्लीतलं ते एकच माणूस. पोरं उठून गेल्यावर तिनं लाटणं न थांबवता सांगून टाकलं.

"मावशी, गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असती. दिवाळीपासनं मैदानाच्या कडंला सांजचे गाडे लागत्यात. बिहारी, नेपाळी, ओडिशाचा एक हाय, मद्रासची एक बाई हाय. सगळी पोरं तितंच असत्यात."

"तुला कसं ठावं?"

"मी बी जाते की."

ठमाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. चहा झाल्यावर म्हणाल्या, "येत्या गुरुवारी जाऊन बघू. खायचं न्हाय. नुसतं बघायचं."

"चालंल," लैला म्हणाली. "मी खाते, तुमी बघा."

गुरुवारी त्यांनी खानावळ म्हातारे वॉचमन म्हस्कूतात्यांच्या भरवशावर सोडली. जे कुणी येईल त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं होतं. लैलानं आपली ओढणी ठमाबाईंच्या तोंडाला गुंडाळली, अगदी स्कूटीवरच्या कॉलेजच्या मुली गुंडाळतात तशी. नुसते डोळे उघडे राहिले. पण ते ठमाबाईंचेच डोळे होते, त्यामुळं वेशांतराचा फारसा उपयोग नव्हता.

मैदानाच्या कडेला दहा-बारा गाडे होते. प्रत्येकावर पांढरा दिवा, प्रत्येकासमोर घोळका. पहिल्या गाड्यावर एक बिहारी बाप्या निखाऱ्यावर लिट्टी, म्हणजे कणकेचे गोळे, भाजत होता.

"मटण-बिटण न्हाय ना ह्यात?" ठमाबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं. "गुरुवार हाय माझा." सहा टेबलांवर एकदम ऐकू जाईल अशा आवाजाची त्यांना सवय होती. पलीकडच्या गाड्यावरची दोन पोरं चमकून वळली आणि लगबगीनं अंधाराकडं सरकली.

"खायचं न्हाय म्हणला हुता," लैला म्हणाली.

"चव न बघता कसं कळणार?"

लिट्टी फोडून त्यांनी आतलं चण्याच्या सत्तूचं सारण जिभेवर ठेवलं, मग चोखा, म्हणजे वांग्याचं भरीत. "वांगं भाजलंय बरं. पण दाण्याचं कूट न्हाय. कूट घालायला कुणी शिकवलंच न्हाय बिचाऱ्याला." बोलता बोलता द्रोण रिकामा झाला होता.

नेपाळी पोराच्या गाड्यावर वाफेच्या भांड्यात मोमो होते. ठमाबाईंनी एक उचलून उजेडात धरला.

"हे तर मोदक हायत. आत कोबी घातलाय. गणपतीला कळलं तर?"

"त्यो काय गुरुवारी येत न्हाय हितं," लैला म्हणाली आणि लाल चटणी पुढं सरकवली. ठमाबाईंनी पाच मोमो खाल्ले. सहावा लैलाचा होता म्हणून सोडला, तोही जरा विचार करून. ओडिशावाला दह्यातल्या वड्यावर बटाट्याचा रस्सा ओतून देत होता. "घाईत एकाच भांड्यात सांडलंय दोन्ही," असं म्हणून त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि उरलेलं दही पिऊन टाकलं.

तिथंच युवराज सापडला. तो शेजारच्या मोमोच्या गाड्यामागं उभा होता, गालात अख्खा मोमो आणि हातातली प्लेट पाठीमागं लपवलेली. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या खोलीवरचे तिघं उभे होते, फोटो काढायला उभे राहतात तसे. ठमाबाईंनी ओढणी खाली ओढली.

"आधी गीळ. मग बोल."

युवराजनं गिळलं. "मावशी, तुमच्याकडचं जेवण म्हंजी एकदम घरच्यासारखं हाय. देवाशपथ."

"मग हितं काय करतोस?"

"घरी असतो तरी गुरुवारी बाहेरच खाल्लं असतं की, मावशी."

बावीस वर्षांत एवढं सरळ त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. चूक काढायला गेलं तर सापडतही नव्हती. राग यायला हवा होता, पण पोटात लिट्टी, मोमो आणि दहीवडा असताना तो नीट येईना.

"बसा जरा," लैला म्हणाली आणि त्यांना शेवटच्या गाड्यापाशी घेऊन गेली.

तो गाडा सेल्वीचा होता. तिचा नवरा फाउंड्रीत कामाला होता. दोघं तामिळनाडूतल्या सेलमकडची, मराठीतले दहा-बारा शब्द येणारी. लैलानं प्लास्टिकचं स्टूल पुढं केलं आणि ठमाबाई त्यावर टेकल्या. सेल्वीनं तव्यावरून छोटा जाड डोसा उचलला, त्यावर तुपाची धार धरली, लालसर कोरडी चटणी भुरभुरली आणि ताटली त्यांच्या हातात दिली.

पहिल्याच घासाला त्यांची जीभ भाजली.

त्या दचकल्या. जेवण जीभ भाजण्याइतकं गरम असतं हे त्यांना रोज दिसत होतं, पण ते दुसऱ्यांच्या ताटात. त्या स्वतः सगळ्यांचं झाल्यावर, भांडी आवरून, गार भाकरी आमटीत बुडवून खायच्या. त्यांनी फुंकर मारली आणि दुसरा घास घेतला. मग हळूहळू सगळा डोसा संपवला. या वेळी काही खोड काढली नाही.

सेल्वी उलथनं घेऊन समोर उभीच होती. ताटली रिकामी झाल्याबरोबर तिनं दुसरा डोसा टाकला.

"बस बस, पुरे," ठमाबाई म्हणाल्या.

सेल्वीनं हसून त्यावर तूप सोडलं.

"आता कळलं पोरांना कसं होतं ते?" लैला म्हणाली.

ठमाबाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. चटणी तिखट होती, असं त्यांनी नंतर लैलाला दोनदा सांगितलं. एकदाही तिनं विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी खानावळीत मोमो करायला घेतले. नेपाळ्याला जमतं ते आपल्याला का जमू नये, असा साधा हिशेब. आत मेथी आणि दाण्याचं कूट. पारी चांगली लाटली गेली, पण वाफेवर ठेवल्यावर एकेक करून सगळे फुटले. टाकायचे कशाला म्हणून त्यांनी ते फोडणीच्या पाण्यात सोडले आणि वाटीत वाढले.

"मावशी, ही नवीन आमटी हाय का?" एकानं विचारलं.

"व्हय," ठमाबाई म्हणाल्या. ती सगळ्यांनी संपवली. युवराजनं तर दुसरी वाटी मागितली. तो गुन्हेगार होता आणि शिक्षा भोगत होता.

बुधवारी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "गुरुवारी सांजच्याला खानावळ बंद."

म्हस्कूतात्या घास हातात धरून थांबले. त्यांनी जन्मात भाकरीशिवाय रात्रीचं जेवण केलं नव्हतं. "आन् आमी कुठं जायाचं?"

"माझ्यासंगं या."

तात्या आले. धुतलेलं धोतर नेसून, पाहुण्यांकडं निघाल्यासारखे. ठमाबाईंनी त्यांच्या हातात मोमो दिला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला.

"ह्याला चावायचं का गिळायचं?"

"चावा. मग तुमचं तुमाला कळंल."

तात्यांना कळलं. मोमो संपवून ते मुकाट्यानं रांगेत परत उभे राहिले.

महिनाभरात गाडेवाले ठमाबाईंना ओळखू लागले. बिहारी बाप्या त्यांना लांबून येताना बघूनच चोखा पुन्हा ढवळायला घ्यायचा. "आज कैसा है, ताई?" "वांगं कच्चं हाय आज," असं ऐकलं की तो खरोखरच खट्टू व्हायचा. एका दुपारी सेल्वी शेडमध्ये आली आणि दोन तळहात एकमेकांवर थापटून तिनं काय शिकायचं ते दाखवलं. परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिच्या पहिल्या भाकरीच्या दोन भाकरी झाल्या. ठमाबाईंनी तिला हाताला धरून शिकवलं, रागावल्यासुद्धा, आणि दोघींना एकमेकींचं काही समजत नसल्यामुळं ते सगळं फार छान पार पडलं. जाताना सेल्वी त्या लालसर चटणीची बरणी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ती खर्ड्याशेजारी टेबलावर आली.

"ही चटणी कसली, मावशी?" युवराजनं चव घेऊन विचारलं.

"माझीच हाय. आमच्या वरकुट्याकडची."

युवराजनं लैलाकडं पाहिलं. लैला पिठाकडं बघत होती. "भारी झालीया," तो म्हणाला आणि अजून थोडी घेतली.

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी त्या सेल्वीच्या गाड्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या तेव्हा फोन वाजला. इंदापुराहून त्यांच्या लेकीचा, श्रेयाचा.

"आई, जेवलीस का?"

"जेवतीया."

"आज लवकर? काय केलं हुतंस?"

"मी काय न्हाय केलं."

श्रेयाचा आवाज बारीक झाला. "आई, तू बरी हायस ना? ताप-बिप न्हाय ना? मी येऊ का उद्या सकाळच्या गाडीनं?"

"ये की," ठमाबाई डोशाचा तुकडा फुंकत म्हणाल्या. "पण उद्या नको. गुरुवारी ये."