दुसरा साक्षीदार

सासऱ्यांना वर्गात बोलवायची कल्पना रसिकाचीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर तिला दुसऱ्या कोणावर फोडता येईना.

भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या एका शाळेत ती सहावीला सामाजिक शास्त्र शिकवायची. धडा चालू होता इतिहासाच्या साधनांचा. नाणी झाली, शिलालेख झाले आणि तिसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. तेव्हा तिच्या मनात आलं, जिवंत साधन शिवाजी नगरच्या आपल्या घरात पेपर वाचत बसलंय, त्यालाच आणू या. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कितीतरी कारकुनांची बिऱ्हाडं इकडे हलली. त्यातल्याच एका बिऱ्हाडात आठ वर्षांचे मधुकरराव होते. त्या प्रवासाची गोष्ट रसिकाने लग्नापासून निदान वीसदा तरी ऐकली होती.

मधुकरराव कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलांशी हिंदीत बोलायला लागले, पण रंगात आले की मराठीत घसरत.

"इटारसीला गाडी थांबली. माझी मोठी बहीण, शशीताई, फिरकीचा तांब्या घेऊन पाणी भरायला उतरली, ती हरवलीच! आई रडायला लागली. वडील एकीकडे धावले, मी दुसरीकडे. घाबरलो नाही. थेट इंजिनापर्यंत गेलो. काय इंजिन होतं! वर हत्तीच्या सोंडेसारखा नळ, त्यातून धो धो पाणी पडतंय. ड्रायव्हरच्या गळ्यात लाल रुमाल. त्याने मला वर चढवून भट्टीसुद्धा दाखवली. मग ताई दिसली. हाताला धरून डब्यात आणली आणि गाडी सुटली!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाकावरच्या अरीबाने मात्र हात वर केला.

"दादाजी, ताई तेव्हा किती वर्षांच्या होत्या?"

"चौदा."

"आणि तुम्ही बहिणीला शोधत होतात. मग भट्टी बघायला वेळ कसा मिळाला?"

रसिकाला हसू आवरेना आणि घामही फुटला. सोमवारी तिनेच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, की एकाच साक्षीदाराचं ऐकून काही लिहायचं नाही. पण तो साक्षीदार आपला सासरा निघेल, हा विचार तेव्हा कुठे होता?

"दूसरा गवाह है, दादाजी?" अरीबाने अदबीने विचारलं.

"है ना! कोलार रोडला राहते. बोलवा की तिला," मधुकरराव ठसक्यात म्हणाले.

घरी आल्यावर मात्र त्यांचा ठसका उतरला. जेवताना म्हणाले, "ताई आता त्र्याऐंशीची झाली. तिला काय आठवणार म्हणा."

"आठवत नसेल तर तसंच सांगतील, बाबा," रसिका म्हणाली. तिचा नवरा आशिष ताटातून मान वर न करता म्हणाला, "मी या केसमध्ये नाही."

शुक्रवारी शशिकलाआत्या वर्गात आल्या, मधुकररावही बरोबर होते. खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, मुलांकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "हरवला हा होता."

"ताई!"

"तू इंजिन बघायला पळालास, मधू. मी तुला शोधायला उतरले. गार्डाने शिट्टी दिली होती. तुला त्या ड्रायव्हरकडून अक्षरशः ओढून आणावं लागलं. तू हात सोडवून घेत होतास."

"मग वडील मला काही बोलले कसे नाहीत?"

"आदल्या दिवशी शाईची दौत सांडलीस म्हणून त्यांनी तुला छडीने मारलं होतं. पाठीवर वळ होते. मी म्हटलं, मीच हरवले, मधूने मला शोधलं. वाटलं, मला मोठी म्हणून नुसती बोलणी बसतील."

"आणि?"

"दोन थोबाडीत बसल्या. चांगल्या जोरात."

मुलांना हसावं की नाही कळेना. मधुकररावांचा चेहरा पडला होता. सत्तर वर्षं पाहुण्यांना, जावयांना, ऑफिसातल्या मित्रांना त्यांनी आपला पराक्रम सांगितला होता, आणि ताई तिथे असली की प्रत्येक वेळी गुपचूप चहा ओतत राहायची.

"मला खरंच तसंच आठवत होतं गं," ते हळूच म्हणाले.

"आठवणारच. मीच तुझ्याकडून रात्रभर घोकून घेतलं होतं, कोणी विचारलं तर हेच सांगायचं म्हणून. तू हुशार. पक्कं पाठ केलंस."

"मॅम," अरीबा वही उघडून बसली होती, "आता लिहायचं काय?"

रसिका म्हणाली, "दोघांचं लिहा. आणि कोणी असं का सांगितलं, तेही लिहा." मग सासऱ्यांकडे बघून तिने विचारलं, "चालेल ना, बाबा?"

"लिहा, लिहा. थोबाडीत दोन होत्या हे विसरू नका," मधुकरराव म्हणाले आणि बहिणीची पिशवी उचलून निघालेसुद्धा. आत्यांना घरी सोडायला आशिषची गाडी येणार होती, पण त्यांना थांबवेना. फाटकाबाहेर त्यांनी रिक्षा थांबवली, ताईला आधी बसवलं आणि मग स्वतः शेजारी बसले.

संध्याकाळी रसिका कणीक मळत होती तेव्हा फोन वाजला. मागे टीव्हीचा आणि आत्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"मी आज इथेच राहतो," मधुकरराव म्हणाले. "ताई म्हणतेय, मला अजून बरंच काही चुकीचं माहीत आहे. दोन-तीन दिवस तरी लागतील. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या पाठवून दे."