नळाखालचा खळगा

मी एक जुना, खरबरीत पाठीचा बेडूक आहे. या घराच्या परसात, कपडे धुण्याच्या दगडाखाली राहतो. मित्रांनो, आज मी बोलतो आहे तो भीतीपोटी. बोलत राहिले की भीती जरा पातळ होते.

माझा जन्म इथल्याच हौदात झाला. आधी शेपूट होते, मग पाय फुटले, शेपूट जिरले आणि मी बाहेर पडलो. तेव्हापासून झुरळे, डास आणि रोपांची पाने कुरतडणारे किडे गट्ट करणे हे माझे काम. घरातले आजोबा होते तोवर माझे कौतुक होई. "हा आमचा बिनपगारी रखवालदार," असे ते आल्यागेल्याला सांगत. ते गेले आणि मला कोणी विचारेनासे झाले. त्याचे दुःख नाही. बेडकाला कौतुक नको, ओल हवी.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, आम्ही तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागी पोट टेकवून बसतो आणि पोटाची कातडी पाणी शोषून घेते. उन्हाळ्यात परसात अशी जागा एकच उरते, नळाखालचा खळगा.

घरातल्या आजी फरशी पुसलेले पाणी पूर्वी मागच्या दाराबाहेरच्या गटारात ओतत. यंदा त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि बादली खळग्यातच रिकामी होऊ लागली. त्या पाण्यात फिनाईल असते. पहिल्याच दिवशी माझी जोडीदारीण खळग्यात बसली होती. ती कशीबशी दगडापर्यंत आली, तिने पाय ताणले, आणि ते पुन्हा जवळ घेतलेच नाहीत.

आता बादलीची कडी वाजली की मी दगडाखाली आणखी आत सरकतो.

आज सकाळी तहान सोसवेना. कातडी सैल पडली होती. मी खळग्याच्या काठाशी पोचलो, तोच कडी वाजली. पळायला हवे होते, पण पायच हलेनात.

"आई, थांबा. तिथं बेडूक बसलाय," आजींची सून म्हणाली.

"बसू दे की. आयती अंघोळ होईल त्याची."

"फिनाईलनं? तुम्ही कराल का?"

"मग मला तुझे गुडघे दे उसने. जाते गटारापर्यंत."

"गुडघे राहू देत, बादली द्या इकडे."

"घे बाई. सासूपेक्षा बेडकाचा पुळका जास्त."

"तो टोमणे मारत नाही ना."

आजी हसल्या. सुनेने बादली गटारात ओतली, नळ सोडून खळगा धुतला आणि ती कामावर गेली.

खळग्यात आता नितळ पाणी आहे. पण थोडेसे फिनाईल विरले, तर तेही नितळच दिसते. तुम्ही जिभेवर थेंब घेता, वाईट लागला तर थुंकून टाकता. मला थुंकता येत नाही. पाणी कसे आहे हे कळायला मला पोट टेकवावे लागते, आणि कळेपर्यंत ते अंगात गेलेले असते.

मित्रांनो, बादली कुठे ओतायची हे तुम्ही जाता जाता ठरवता. तुम्हाला रिकामी वाटणारी जागा कोणाचे तरी पाणी पिण्याचे ठिकाण असते. ओतण्याआधी वाकून पाहा. चार पावले जास्त चाला. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या हातातली बादली तुम्ही घ्या.

ऊन चढते आहे. दगड तापू लागला आहे. मी खळग्यात उतरलो आहे, आणि आता पोट टेकवतो.